नावापुढचं ‘ले’

आक्कांना कुणी साधं ‘बऱ्या आहात का?’ असं विचारलं तरी त्या लगेच उत्तर देत नसत. आधी विचारणाऱ्याकडं नीट बघत, मग म्हणत, ‘कशासाठी विचारतायसा?’ समोरचा गडबडला की त्यांना बरं वाटे. एकदा कोपऱ्यावरच्या केळीवाल्यानं ‘आक्का, आज लवकर बाहेर पडलायसा?’ म्हटलं, तर त्या गाड्यापाशी थांबून म्हणाल्या, ‘हा प्रश्न हाय का नुसतं बोलणं हाय? प्रश्न असला तर उत्तर देते. नुसतं बोलणं असलं तर केळी दे.’

त्या माझ्या घरमालकीण. सांगलीत मी खोली शोधत होते तेव्हाची गोष्ट. त्याआधी तीन घरमालकांनी मला जिन्यातूनच परत पाठवलं होतं. तिसऱ्यानं विचारलं, ‘मिस्टर कधी येतील खोली बघायला?’ मी म्हणाले, ‘येणार नाहीत. आम्ही वेगळे राहतो.’ त्यावर त्याला एकदम आठवलं की खोली त्याच्या भाच्याला द्यायची आहे.

चौथं घर आक्कांचं. विश्रामबागेच्या मागच्या गल्लीत, खाली त्या एकट्या आणि वर भाड्याच्या दोन खोल्या. माझं बोट धरून चार वर्षांची सानू. आक्का दारात आल्या. कडक इस्त्रीचं सुती लुगडं, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. त्यांनी आमच्याकडं एकदा बघितलं, आत जाऊन दोन खुर्च्या आणल्या, व्हरांड्यात समोरासमोर मांडल्या आणि म्हणाल्या, ‘बसा. सुरू करूया.’

‘गाव कंचं?’

‘मेढा. जावळी तालुका.’

‘काम?’

‘मिरजेजवळ डेअरीत. लॅबमध्ये दूध तपासते.’

‘पोरगी रडती का?’

मी घाबरत म्हणाले, ‘कधी कधी.’

‘बरं झालं. अजिबात न रडणाऱ्या पोरांची मला भीती वाटती.’ त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि फाटक्या कॅलेंडरच्या पाठीवर काहीतरी वेडंवाकडं ओढलं. ती लघुलिपी आहे हे मला नंतर कळलं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, ‘आता तुमी विचारा.’

‘काय?’

‘मला काय विचारायचं हाय ते. घर माझं, पण ऱ्हाणार तुमी. मुलाखत दोन्ही अंगानं असती. एकाच अंगानं असली तर तिला चौकशी म्हणत्यात.’

मला काही सुचेना. मी म्हणाले, ‘पाणी किती वाजता येतं?’

त्यांचा चेहरा उतरला. ‘हा काय प्रश्न झाला? सकाळी सहाला येतं. बरं, या ऱ्हायला. जमंल तसा चांगला प्रश्न शोधा.’

सामान वर चढलं त्या दिवसापासून मी ‘तुमी’ची ‘तू’ झाले.

आक्कांची नोकरी एका सूतगिरणीत झाली होती. गिरणी केव्हाच बंद पडली, पण त्या तिथल्या स्टेनो होत्या हे त्यांच्या प्रत्येक हालचालीतून दिसायचं. माणसं भरतीला यायची तेव्हा मुलाखतीच्या खोलीत एका कोपऱ्यात बसून प्रश्न आणि उत्तरं उतरवून घेण्याचं काम त्यांच्याकडं होतं. तिथं त्यांनी माणसं ऐकली. कोण खरं बोलतंय, कोण पाठ करून आलंय, कुणाची चिठ्ठी आधीच आलीय. त्यामुळं पुढं आयुष्यभर त्यांना सगळीकडं मुलाखतच दिसायला लागली. भाजी आणायला निघताना सुद्धा त्या लुगड्याला इस्त्री करत. का, तर ‘कोण कुठं मुलाखत घेईल सांगता येत न्हाई.’

त्या जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण. ती वेळ झाली की दाराला आतून कडी, मग बाहेर साक्षात कलेक्टर उभा असला तरी उघडायच्या नाहीत. कांदा-लसूण खाली वर्ज्य. मला मात्र म्हणाल्या होत्या, ‘तू वर काय पायजे ते खा. पण लसणाची फोडणी देताना खिडकी लाव. वास आला की माझं मन चळतंय.’

त्यांच्याकडं दोन मराठी होत्या. एक रोजची, आपली. दुसरी गिरणीतली, कागदावरची. ती दुसरी बाहेर आली की समजायचं, आक्का भडकल्या आहेत. मीटर तपासायला आलेल्या माणसानं एकदा सहज म्हटलं, ‘घरात कुणी माणूस नाही का, आजी?’ आक्का उभ्या राहिल्या. ‘आपल्यासमोर जी व्यक्ती उभी आहे तिची आपण नोंद घेतली नसावी. कृपया बाहेर जाऊन, पुन्हा दार वाजवून, हाच प्रश्न योग्य शब्दांत विचारावा.’ तो बिचारा खरंच बाहेर गेला आणि परत दार वाजवून आत आला.

त्यांना दोन मुलगे. एक पुण्याला, एक बेळगावला. बेळगावचा त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हता, त्याचं कारण त्या स्वतःच रंगवून सांगत. त्याला मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, मुलाकडच्यांचे सगळे प्रश्न झाले, मुलगी खाली मान घालून उत्तरं देत होती. आक्कांना राहवेना. त्या मुलीला म्हणाल्या, ‘आता तू विचार.’ मुलीनं वर बघितलं. ‘विचार की. जन्म तुझा जाणार हाय.’ तेव्हा मुलीनं नवऱ्या मुलाला विचारलं, ‘मूल झाल्यावर नोकरी कुणी सोडायची?’ मुलगा हसला. म्हणाला, ‘म्हणजे काय? तूच ना.’ मुलगी उठली, सगळ्यांना नमस्कार करून आत निघून गेली.

‘जुळत आलेलं मोडलं,’ आक्का सांगत, ‘आणि माझं पोरगं गाडीत रडकुंडीला आलं. मी म्हटलं, रडू नको. प्रश्न सोपा हुता, तू नापास झालास.’

सानू शाळेत जायला लागली त्या वर्षी माझी नोकरी गेली. डेअरी एका मोठ्या कंपनीनं घेतली, लॅब पुण्याला नेली आणि आम्हा सहा जणांना हातात एकेक पत्र दिलं. मी घरी आले तेव्हा आक्का पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, ‘गेली व्हय?’ मी मान हलवली. त्यांनी मटारची टोपली माझ्याकडं सरकवली. ‘सोल. सोलता सोलता बोलूया. आता तुला मुलाखती द्याव्या लागणार.’

मला वाटायचं मुलाखत म्हणजे मुलाखत. टेबलाच्या पलीकडं ते, अलीकडं मी. आक्का हसल्या. त्यांच्या हिशेबी मुलाखतींच्या जाती होत्या. फोनवरची म्हणजे आंधळी कोशिंबीर, तिथं आवाजच तोंड. चार-पाच जण एकदम समोर बसले की ती बघाबघी, तिथं बोलणाऱ्याकडं न बघता गप्प बसलेल्याकडं बघायचं, कारण ठरवणारा गप्प असतो. जाहिरात वाचून शंभर माणसं रांगेत उभी राहतात ती बाजारातली, तिथं पहिल्या वाक्यातच माल दाखवायचा. ‘एक दिवस काम करून दाखवा, मग बघू’ म्हणणारे असतात, त्यांना आधी विचारायचं, बघणार कोण आणि कवा सांगणार. ‘आणि सगळ्यात वाईट ती चहाची,’ त्या म्हणाल्या. ‘ये, बस, चहा घे, असं सहज बोलूया म्हणत्यात. त्या चहात सगळं विरघळून घेत्यात. घरी कोण, सासू हाय का, मूल किती वर्षाचं. तू भोळेपणानं सांगतीस आणि बिस्कीट खाऊन घरी येतीस.’

‘मग काय सांगायचं?’ मी विचारलं.

‘सगळं सांगायचं. पण त्यांनी काढून घ्यायच्या आधी, आपल्या तोंडानं, ताठ मानेनं.’

मला ते पटलं नाही. माझ्या मैत्रिणींनी वेगळं सांगितलं होतं. मुलगी आहे हे बोलूच नको, एकटीनं सांभाळतेस हे तर अजिबात नको. एकदा आत शिरलीस की मग बघता येईल.

पहिली मुलाखत फोनवर होती. मसाल्याची कंपनी, त्यांना तपासनीस हवी होती. दुपारी साडेतीनची वेळ दिली होती. सानूला शाळेतून आणून, जेवू घालून, झोपवून मी दाराला बाहेरून कडी घातली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर फोन घेऊन बसले. पलीकडची बाई छान बोलत होती. ओलावा कसा मोजता, भेसळ कशी ओळखता, मला सगळं येत होतं. आणि तेवढ्यात सानू उठली. ‘आई! आई गं!’ म्हणत ती दारावर थापा मारायला लागली.

पलीकडून आवाज आला, ‘लहान मूल आहे का तुम्हाला?’

मी म्हणाले, ‘नाही नाही. शेजारचं आहे.’

थापा थांबल्या. मला हायसं वाटलं. मुलाखत नीट संपली. मी दार उघडलं तर सानू तिथंच, जमिनीवर बसलेली. तिनं विचारलं, ‘आई, मी शेजारची हाय?’

मी तिला जवळ घेतलं, समजावलं, गंमत होती म्हटलं, फोनवरच्या बाईला उगाच सांगितलं म्हटलं. पण पाच वर्षांच्या मुलीला कळतं ते कळतंच. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात एका बाईनं तिला विचारलं, ‘तू कुणाची गं?’ आणि सानू शांतपणे म्हणाली, ‘मी शेजारची.’

ती नोकरी मला मिळाली नाही. मिळाली असती तरी मला ती नको होती, असं मी आज म्हणते. तेव्हा म्हणाले नव्हते. तेव्हा मी फक्त रडले होते.

आक्कांनी सगळं ऐकलं होतं. जिन्याखालीच त्यांची खिडकी. दोन दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मला खाली बोलावलं. समोर खुर्ची नव्हती. त्यांनी मला स्वतःशेजारी, चटईवर बसवलं. मला वाटलं आता ही बाई मला घर सोडायला सांगणार.

‘तुला एक सांगते,’ त्या म्हणाल्या. ‘हे मी पोरांनाबी सांगितलं न्हाई.’

गिरणीच्या ऑफिसात बायकांची भरती असली की साहेबांनी आक्कांना एक खूण शिकवली होती. जिला लहान मूल असेल तिच्या नावापुढं बारीक अक्षरात ‘ले’ लिहायचं. ले म्हणजे लेकुरवाळी. बाहेर कुणाला कळायचं नाही, विचारलं तर सांगता यायचं की काहीतरी लेखी राहिलंय. संध्याकाळी यादी करताना ‘ले’वाल्या बाजूला पडायच्या.

‘किती वर्षं लिहिलंत?’ मी विचारलं.

‘सात.’

त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढून चटईवर ठेवली. ‘माझी दोन पोरं घरी सासूजवळ. एक तापानं फणफणलेलं. आणि मी तिथं इस्त्रीचं लुगडं नेसून दुसरीच्या नावापुढं ले लिवतीया. मला काय वाटत न्हवतं. खरं सांगते, काय वाटत न्हवतं. साहेबांनी सांगितलं, मी लिवलं. लय हुशार स्टेनो हुती मी.’

मग एके दिवशी कुंडलची एक बाई आली. टायपिस्टच्या जागेसाठी. बाळंतपण होऊन तीन-चार महिने झाले असतील. ती फाईल छातीशी घट्ट धरून बसली होती, खाली ठेवायलाच तयार नाही. साहेब म्हणाले, फाईल टेबलावर ठेवा आणि टाईप करून दाखवा. तिनं फाईल खाली ठेवली. ब्लाऊज दुधानं ओला झाला होता. खोलीत चार पुरुष. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. ती बाई मान वर न करता टाईप करत राहिली. एकही चूक नाही.

‘साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यानं खुणावलं,’ आक्का म्हणाल्या. ‘मी लिवलं. कुंडलच्या बाईपुढं ले लिवलं. मग काय झालं कुणास ठाऊक, माझा हात थांबंना. यादीच्या वरच्या अंगाला मी माझं नाव लिवलं आणि पुढं लिवलं ले. मग टेलिफोनवर बसणारीचं, ले. मग हजेरी घेणाऱ्या कारकुनाचं, त्याला चार हुती, ले. आणि मग मुलाखत घेणाऱ्या चौघांची नावं लिवली आणि प्रत्येकापुढं ले, ले, ले, ले. साहेबांना तीन पोरं हुती. धाकटं माझ्या धाकट्याएवढंच. नीट टाईप केलं, सही-शिक्क्याच्या फायलीत घातलं आणि वर धाडलं.’

‘मग?’

‘वरून बोलावणं आलं. हे काय आहे, म्हणाले. मी म्हटलं,’ आणि इथं आक्का चटईवर बसल्या बसल्याच ताठ झाल्या, गिरणीतली मराठी बाहेर आली, ‘ज्या कर्मचाऱ्यांस लहान अपत्ये आहेत त्यांच्या नावापुढे खूण करण्याचा मला आदेश आहे. सात वर्षे मी तो अपुरा पाळला. आजपासून पूर्ण पाळत आहे.’

मी हसले. आक्का हसल्या नाहीत.

‘दुसऱ्या दिवशी मला गोदामात टाकली. कापसाच्या गाठी मोजायला. टेबल न्हाई, पंखा न्हाई, नाकातोंडात कापूस. निवृत्त होईपर्यंत तिथंच.’

‘आणि त्या बाईला नोकरी मिळाली?’

‘न्हाई.’

‘मग उपयोग काय झाला?’

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. ‘ले लिवायचं बंद झालं. डोक्यातलं ऱ्हायलं असंल, ते मला माहीत न्हाई. पण ते आता माझ्या हातानं हुणार न्हवतं.’ आणि मग, ‘तू परवा फोनवर काय केलंस ठाऊक हाय? त्यांनी लिवायच्या आधीच तू आपल्या हातानं पोरीवर काट मारलीस. त्यांचं काम सोपं केलंस.’

 

त्यानंतर माझी शाळा सुरू झाली. रोज सकाळी सानू शाळेत गेली की व्हरांड्यात दोन खुर्च्या. आक्का कधी एकटा साहेब व्हायच्या, कधी चौघं. चौघं व्हायचं असलं की प्रत्येक प्रश्नाला खुर्ची बदलायच्या, आणि चौथा साहेब नेहमी गप्प बसून नखं बघायचा. माझं उत्तर लांबलं की पेन्सिल टकटक वाजायची. ‘मूल आजारी पडलं तर?’ हा प्रश्न त्यांनी मला इतक्यांदा, इतक्या आवाजांत विचारला की मला तो झोपेतही ऐकू यायचा. सुरुवातीला मी म्हणायचे, ‘नाही नाही, ती फारशी आजारी पडत नाही.’ टकटक. ‘माफी कशाला मागतीस? आजारी पडणारच. मूल हाय ते, लोखंड न्हवं. तू काय करशील ते सांग.’

मधे एक मुलाखत संगणकावर झाली. मी वरची खोली आवरली, मागं पांढरी चादर लावली. आक्का आल्या आणि चादर ओढून काढली. सानूला माझ्या मागच्या कोपऱ्यात, जिथं ती रोज बसते तिथं, रंगाची पेटी देऊन बसवलं. ‘लपवायची न्हाई, दाखवायचीबी न्हाई. हाय तिथं असू दे.’ समोरचा तरुण मॅनेजर मोकळेपणानं बोलला, सानूला हात केला, त्याचंही पोर त्याच्या पाठीवर चढलं. तासभर आम्ही हसत बोललो. ‘तुमच्यासारखीच माणसं हवीत,’ म्हणाला. मी आनंदानं उड्या मारत खाली गेले. आक्का म्हणाल्या, ‘लय गोड हुता. गोड माणूस न्हाई म्हणत न्हाई आणि देतबी न्हाई.’ त्याचा पुन्हा कधीच फोन आला नाही. आक्कांचं खरं ठरलं की मला त्यांचा राग यायचा, तसा त्या दिवशीही आला.

मग साताऱ्याहून पत्र आलं. मोठी डेअरी, लॅबमधली कायमची जागा. पाच जणांचं मंडळ. सानूला कुठं ठेवायचं याचा मी विचार करत होते तर आक्का म्हणाल्या, ‘ठेवायची कशाला? मी येते.’ पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघी निघालो. आक्का गाडीत पाठ टेकून बसल्या नाहीत, लुगड्याची घडी मोडू नये म्हणून. कराडला चहाला गाडी थांबली तेव्हाही खाली उतरल्या नाहीत.

डेअरीच्या ऑफिसबाहेर बाकावर आम्ही बसलो. आणखी चार उमेदवार होते, चारही पुरुष. त्यातला एक मनमोकळा होता. पाटणकडचा. त्यानं मोबाइलवर आपल्या जुळ्या मुलांचे फोटो दाखवले, ‘दोन वर्षांची हैत, रात्रभर झोपू देत न्हाईत बघा,’ म्हणाला. आक्कांनी फोटो निरखून बघितले आणि त्याला म्हणाल्या, ‘नशीब काढलंयस गड्या.’ तो आत जाऊन दहा मिनिटांत हसत बाहेर आला. मग माझं नाव पुकारलं.

चार साहेब, एक बाई. बाई गप्प. मी तिच्याकडं बघत उत्तरं दिली. दुधातली भेसळ, यंत्रांची नावं, नोंदी, सगळं झालं. मग मधल्या साहेबांनी कागद खाली ठेवले आणि आवाज मऊ केला.

‘अर्जात लिहिलंय तुम्ही, मुलगी आहे. एकट्याच सांभाळता?’

‘हो. पाच वर्षांची आहे. बाहेर बाकावर बसलीय.’

‘म्हणजे बघा, आमच्याकडं पहाटेची पाळी असते. चारला टँकर येतात. तुमची ओढाताण होईल. आम्ही तुमच्या भल्यासाठीच विचारतोय.’

 मी मान ताठ केली. ‘साहेब, मी मेढ्याची. पहाटे चारला उठून धारा काढतच मी कॉलेज केलंय. पहाटेच्या पाळीला माझी आई येऊन राहणार आहे, ते ठरलंय. मुलगी आजारी पडेल तेव्हा मी रजा घेईन, जेवढी सगळे घेतात तेवढीच. आता मी एक विचारू का?’

‘विचारा की.’

‘माझ्या आधी जे आत येऊन गेले त्यांना दोन वर्षांची जुळी आहेत. त्यांना हा प्रश्न विचारलात का?’

 एका साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. मधले साहेब लाल झाले. ‘तुम्ही मुलाखत द्यायला आलाय की घ्यायला?’

‘दोन्ही,’ मी म्हणाले.

गप्प बसलेल्या बाईनं पहिल्यांदा वर बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. ‘या तुम्ही,’ एवढंच मला सांगण्यात आलं.

बाहेर आले तर शिपाई सानूशी बोलत होता. ‘कुणाची गं तू?’ त्यानं विचारलं. सानूनं दाराकडं बोट केलं. ‘ही आली न्हवं, तिची.’ मी तिथं, सगळ्या उमेदवारांसमोर, खाली बसून तिला कवटाळलं. आक्का दुसरीकडं बघत होत्या. म्हणाल्या, ‘चल, गाडी चुकंल. मला उजेडात जेवायचं हाय.’

ती जागा मला मिळाली नाही. पाटणच्या त्या माणसालाही नाही, तिसऱ्याच कुणाला मिळाली. मी आक्कांना पत्र वाचून दाखवलं. वाटलं आता त्या काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, ‘पस्तावलीस?’ मी विचार केला. म्हणाले, ‘नाही.’ ‘मग झालं,’ म्हणाल्या, आणि मला त्या दिवशी खाली जेवायला बसवलं. सूर्य अजून बराच वर होता.

महिन्याभरानं एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलाखतीतली ती गप्प बाई. ‘आमच्या पाटणच्या दूध शीतकरण केंद्रात तपासनीस हवी आहे. आडबाजूला आहे, पण केंद्र माझ्या हाताखाली येतं. मी तुमचं नाव सुचवलंय. याल?’ मग म्हणाली, ‘आणि तुमचा तो प्रश्न. मला माझ्या मुलाखतीत विचारता आला नव्हता.’

आम्ही पाटणला गेलो. सामान टेम्पोत चढलं तेव्हा आक्का निरोप द्यायला रस्त्यावर आल्या नाहीत. व्हरांड्यात नवीन भाडेकरू आला होता, बँकेतला एक मुलगा, आणि दोन खुर्च्या समोरासमोर लागल्या होत्या. मी आत जाऊन वाकून नमस्कार केला तर हातानंच ‘जा’ म्हणाल्या. टेम्पो वळेपर्यंत मी मागं बघत होते. त्यांनी पेन्सिल हातात धरली होती, पण त्या काही लिहीत नव्हत्या.

तीन वर्षांनी माझी साताऱ्याला बदली झाली. पहाटेची पाळी मी मागून घेतली. सानू आता आजीला रागावते, मला हिशेब विचारते, तिला ‘का’ म्हटल्याशिवाय राहवत नाही. आक्कांना मी अधूनमधून फोन करायचे. बोलणं लांबलं की त्या म्हणत, ‘मुद्दा काय?’ आणि मुद्दा नसला तर ठेवून देत. गुडघा दुखतो, दिसायला कमी झालंय, असं काही त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते मला त्यांच्या पुण्याच्या मुलाकडून कळलं. त्याच्याकडं ये म्हणून तो फार मागं लागला होता, आणि आक्कांनी त्याला सांगितलं होतं, ‘मी कामाच्या शोधात हाय, मला वेळ न्हाई.’ त्याला वाटलं आई थट्टा करते.

गेल्या उन्हाळ्यात मी लॅबमध्ये असताना सांगलीहून फोन आला. एका दातांच्या दवाखान्यातून बोलतेय म्हणाली, एखादी तरुण डॉक्टर असावी, आवाजात संकोच होता.

‘सकाळी चार तास फोन घ्यायला आणि पेशंटची नोंद ठेवायला आम्हाला कुणीतरी हवं होतं. एक आजी आल्यात अर्ज घेऊन. त्र्याहत्तर वर्षांच्या. ओळखीसाठी तुमचं नाव दिलंय त्यांनी.’

मी हातातलं काम खाली ठेवलं. ‘बरं. काय झालं मुलाखतीत?’

‘म्हणजे, मी त्यांना म्हटलं, आजी, तुम्ही नुसत्या बसून राहिलात तरी चालेल, दवाखान्याला शोभा येईल. तर त्या म्हणाल्या, शोभेला कुंडी ठेवा, मला काम सांगा. मग मी म्हटलं, या वयात झेपेल का? तर त्यांनी मला विचारलं, तुमचं बाळ किती महिन्यांचं आहे, आणि तुम्हाला झेपतं का, असं कुणी विचारलं की काय सांगता?’

‘मग तुम्ही काय सांगितलंत?’

पलीकडं, मागं कुठंतरी बाळ कुरकुरत होतं.

‘सांगितलं की झेपतं. आणि मग जरा रडले मी,’ ती म्हणाली. ‘त्या उठून गेल्या नाहीत. मी शांत होईपर्यंत बसल्या आणि मग म्हणाल्या, पुढचा प्रश्न विचारा.’ ती घसा खाकरून परत डॉक्टर झाली. ‘मला एवढंच विचारायचं होतं, त्यांचा स्वभाव कसा आहे?’

‘अवघड आहे,’ मी म्हणाले. ‘उद्यापासूनच घ्या.’